पार्श्वभूमी : चादरीचं सूत आणि लडीचा वाद

८४० यार्ड सुताची एक लडी. अशा २० लड्यांचं वजन एक पौंड भरलं, की ते २० नंबरचं सूत. नंबर लहान तेवढा धागा जाड. सोलापुरी चादरीत असंच जाडं सूत लागतं. दोन धागे एकत्र पिळून घेतले, तर चादर वर्षानुवर्षं धुतली तरी विरत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात गिरण्या आल्या. तेलुगुभाषक विणकरांचे माग तिथे होतेच. पुढे जेकार्डवरची (मागावर नक्षी विणणाऱ्या जोडयंत्रावरची) नक्षीदार चादर आणि टेरी टॉवेल यांनी गावाचं नाव केलं. दोन्हींना आज भौगोलिक मानांकन आहे.

खरा पेच १९८५ नंतरचा. त्या वर्षी काही वस्तू फक्त हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा झाला. तो कोर्टात अडकला, १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. १९९६ मध्ये मात्र राखीव वस्तूंची यादी २२ वरून ११ वर आली. याच्या जोडीला गिरण्यांवर लडी-सुताचं बंधन होतं: देशात विकायच्या सुतापैकी ५० टक्के लडीत बांधायचं. हातमागवाल्याला लडीच हवी, कारण ती सुटी असते, रंगाच्या हौदात बुडवली की रंग धाग्याच्या आतपर्यंत जातो. कोनावरचं, म्हणजे शंकूच्या आकाराच्या रिळावर गुंडाळलेलं सूत यंत्रमागाच्या सोयीचं.

गिरण्या म्हणत, एवढ्या लडीला गिऱ्हाईकच नाही. शिवाय हातमागासाठीची सवलतीची लडी उलगडून यंत्रमागावर जाते, हा आरोप होताच, आणि तो खोटा नव्हता. त्यावर उपाय म्हणून प्रमाण २००३ मध्ये ४० टक्क्यांवर आणि २०१९ मध्ये ३० टक्क्यांवर आणलं गेलं. गळती थांबवायची सोडून नळच बारीक केला. लडी मिळाली नाही, की छोट्या विणकराला कोन घेऊन पुन्हा लडी करत बसावं लागतं. ती मजुरी त्याच्याच अंगावर पडते.

आज सोलापुरातल्या बहुतेक चादरी यंत्रमागावरच्या आहेत. त्यात कमी-जास्त प्रतीचा दोन्ही माल येतो, म्हणून दुकानात ओला पांढरा रुमाल गडद पट्ट्यावर घासून पाहावा. रंग लागला, तर ती चादर पहिले काही वेळा वेगळी, थंड पाण्यात धुवावी आणि उलटी करून सावलीत वाळत घालावी. कच्चा रंग मिठाच्या पाण्याने पक्का होत नाही.