स्ट्रिंग थिअरीनं मोजलेल्या वक्ररेषा

स्ट्रिंग थिअरी फसली, हुशार माणसांची चाळीस वर्षं पाण्यात गेली, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. मूलकण म्हणजे बिंदू नसून अतिसूक्ष्म तंतूंची कंपनं आहेत, हा दावा आजवर प्रयोगानं तपासता आलेला नाही. एका मीटरला १ वर ३५ शून्यं इतक्या संख्येनं भागलं की जी लांबी येते, तिच्या आसपास हे तंतू असावेत असं मानतात. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कण आदळवणाऱ्या महायंत्राची ऊर्जा तिथवर पोचायला १ वर १५ शून्यं इतक्या पटीनं कमी पडते. प्रत्येक ज्ञात कणाला एक जड जोडीदार असावा, असं थिअरीला हवी असलेली 'सुपरसिमेट्री' ही कल्पना सांगते; ते जोडीदार कणही तिथं सापडलेले नाहीत.

पण "हाती काहीच लागलं नाही" हे मात्र खोटं आहे.

खांबाभोवती दोर गुंडाळता येतो, वाळूचा कण गुंडाळता येत नाही. सगळी गंमत या फरकात आहे. समजा, अवकाशाची एक मिती वर्तुळासारखी स्वतःभोवती वळलेली आहे. तिच्यावरून फिरणाऱ्या कणाची लाट वर्तुळात पूर्ण मावली पाहिजे, म्हणून वर्तुळ जितकं लहान तितकी फिरण्याची ऊर्जा जास्त. तंतू मात्र वर्तुळाभोवती वेढेही घेऊ शकतो, आणि तेव्हा हिशेब उलटा होतो: वर्तुळ मोठं तर ताण जास्त, ऊर्जाही जास्त. आता योग्य एककांत त्रिज्या ५ ऐवजी एक पंचमांश करा. फिरण्याच्या आणि वेढ्यांच्या ऊर्जांची फक्त अदलाबदल होते, एकूण यादी तीच राहते. तंतूच्या दृष्टीनं ही दोन वर्तुळं वेगळी नाहीतच!

काळ धरून ओळखीच्या चार मितींखेरीज थिअरीला लागणाऱ्या जादा सहा मिती कॅलाबी-याऊ नावाच्या गुंतागुंतीच्या आकारांत वळलेल्या असाव्यात, असं मानलं जातं. तिथंही हाच प्रकार घडतो. दोन अगदी भिन्न आकार एकच भौतिकी देतात. यालाच आरसा-सममिती म्हणतात. पाचव्या घाताच्या समीकरणानं मिळणाऱ्या प्रसिद्ध आकाराचं आकारमान बदलण्याची १ रीत आहे आणि घडण बदलण्याच्या १०१. त्याच्या आरशातल्या जोडीदाराच्या नेमक्या १०१ आणि १.

गणितज्ञांना या आकारावर किती वक्ररेषा बसतात हे मोजायचं होतं. सरळ रेषा २,८७५, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. दुसऱ्या घाताच्या वक्ररेषा ६,०९,२५०, हे शेल्डन कॅट्झ यांनी १९८६ मध्ये काढलं. तिसऱ्या घाताला मोजणी भयंकर अवघड होते. १९९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ फिलिप कॅन्डेलास आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी प्रश्नच आरशात नेला. तिथं एक विकलक समीकरण सोडवलं की सगळ्या घातांची उत्तरं एकदम बाहेर पडतात. तिसऱ्या घातासाठी त्यांना मिळालं ३१,७२,०६,३७५. एलिंग्सरूड आणि स्ट्रोम्मे या नॉर्वेच्या गणितज्ञांनी संगणकावर काढलेलं उत्तर होतं २,६८,२५,४९,४२५. काही काळानं नॉर्वेकरांनाच आपल्या प्रोग्रॅममधली चूक सापडली. ती दुरुस्त केल्यावर आकडा तंतूवाल्यांचाच आला. पुढं १९९६ मध्ये गिव्हेंटल यांनी आणि १९९७ मध्ये लियान, लिऊ व याऊ यांनी काटेकोर सिद्धता दिल्या.

भौतिकीतल्या अंतःप्रेरणेनं गणितातलं न सुटलेलं कोडं सोडवावं, हे मला अद्भुत वाटतं. पण या आकड्यावरून विश्वाला दहा मिती आहेत असं सिद्ध होत नाही. तंतूवाले कधीकधी इथं घसरतात आणि गणितातलं यश निसर्गाच्या नावावर खपवतात, तेही चूकच. "सगळं कंपनच आहे" म्हणत रोग बरे करणारे आणि जादा मितींत चौदा भुवनं शोधणारे यांचा तर या समीकरणांशी काडीचा संबंध नाही.

टीकाकारांना मी कृष्णविवरांचंही उदाहरण देईन. मूळचे कोल्हापूरचे अतीश दाभोलकर, समीर मूर्ती आणि गणितज्ञ डॉन झगीर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की या थिअरीतल्या काही कृष्णविवरांच्या सूक्ष्म अवस्था (बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या विवराच्या आतल्या शक्य रचना) मोजताना रामानुजन यांनी १९२० मध्ये इंग्रज गणितज्ञ हार्डींना कळवलेल्या 'मॉक थीटा' फलांच्या (फंक्शन्सच्या) कुळातली फलं अवतरतात. ही कृष्णविवरं आदर्श, अतिशय सममित आहेत. दुर्बिणीला दिसणारी नव्हेत. म्हणून भौतिकीच्या खात्यात ही मोजणी अजून जमा करता येत नाही. गणिताच्या खात्यात ती केव्हाच जमा झाली आहे.