अर्धायुष्य आणि अंतर : किरणोत्सारी औषधे खान्देशापर्यंत कशी पोचली

मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुभट्ट्यांपासून जळगाव रस्त्याने चारशे किलोमीटरहून थोडे अधिक आहे. भरणे, कागदपत्रे, कसाऱ्याचा घाट आणि वाटेतला खोळंबा धरून किरणोत्सारी औषधाच्या पेटीला दहा तास लागतात असे समजू. आयोडीन-१३१ पाठवले तर तेवढ्या वेळात त्याची सक्रियता (किरण सोडण्याचा वेग) साडेतीन टक्क्यांनी घटते. टेक्नेशियम-९९एम पाठवले तर शंभरातले एकतीस भाग उरतात, आणि फ्लोरिन-१८ चे जेमतेम दोन. अर्धायुष्ये, म्हणजे सक्रियता निम्मी व्हायला लागणारा वेळ, अनुक्रमे आठ दिवस, सहा तास आणि एकशे दहा मिनिटे आहेत. अणुभट्टीपासून दूरच्या जिल्ह्यांत अणुवैद्यक, म्हणजे किरणोत्सारी औषधांनी तपासणी आणि उपचार, कोणत्या क्रमाने शक्य झाले, हे या तीन आकड्यांनी ठरवले. पैसा, तज्ज्ञ आणि परवाने हे प्रश्न त्यानंतरचे.

अर्धायुष्याची कल्पना रदरफोर्डने १९०० मध्ये थोरियमपासून निघणाऱ्या वायूच्या अभ्यासातून मांडली. ती औषधाच्या कामी यायला मात्र तीसेक वर्षे गेली, कारण तोवर हाताशी होती ती निसर्गातली जड मूलद्रव्ये, रेडियम आणि त्याचे कुटुंब. त्यांचा शरीराच्या रसायनशास्त्राशी काही संबंध नव्हता. १९३४ मध्ये आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी कृत्रिम किरणोत्सारिता दाखवली आणि शरीर ज्यांना ओळखते त्याच मूलद्रव्यांची किरणोत्सारी रूपे तयार करता येऊ लागली. १९३८ मध्ये लिव्हिंगूड आणि सीबॉर्ग यांना आयोडीन-१३१ सापडले. १९४१ मध्ये सॉल हर्ट्झ यांनी बॉस्टनमध्ये थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या ओक रिजच्या अणुभट्टीतून रुग्णालयाला पहिले समस्थानिक, म्हणजे मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप, गेले आणि हा माल पेटीत घालून पाठवता येतो हे सिद्ध झाले.

आपल्याकडे अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली. एक मेगावॅटची, पाण्याच्या कुंडात बसवलेली अणुभट्टी. पण समस्थानिकांच्या उत्पादनाला खरा जोर आला तो १९६० च्या सायरस अणुभट्टीपासून, तिची क्षमता ४० मेगावॅट होती. १९६३ मध्ये परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. खान्देशातला थायरॉइडचा रुग्ण गाडीने दादर गाठून तपासणीसाठी परळला जाई तो याच वाटेने.

त्या काळची मुख्य चाचणी म्हणजे थायरॉइड अपटेक, थायरॉइड किती आयोडीन शोषते याची मोजणी. ती आजही होते, आणि सोपी दिसली तरी चुकायला जागा भरपूर आहेत. रुग्णाला आयोडीन-१३१ ची अगदी लहान मात्रा तोंडाने देतात, दोन तासांनी आणि चोवीस तासांनी मानेसमोर पंचवीस सेंटिमीटरवर किरण पडताच चमकणारा सोडियम आयोडाइडचा स्फटिक धरून मोजणी करतात. तेवढीच मात्रा मानेच्या आकाराच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यात ठेवून तिचीही मोजणी होते. मांडीसमोर मोजलेली संख्या रक्तातल्या आयोडीनपोटी वजा होते. उरलेल्या दोन आकड्यांचे गुणोत्तर म्हणजे अपटेक. गफलत होते ती बहुधा यंत्राबाहेर. आधीच्या काही आठवड्यांत रुग्णाचा कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे आयोडीनयुक्त द्रव्य) देऊन सीटी स्कॅन झाला असेल, तर थायरॉइड साध्या आयोडीनने आधीच भरलेली असते आणि अपटेक खोटा कमी येतो. हृदयाच्या ठोक्यांसाठी अमिओडॅरोन चालू असेल तर हा परिणाम महिनोन्महिने टिकतो. म्हणून मागच्या तीन महिन्यांतल्या औषधांची आणि तपासण्यांची चौकशी हीच या चाचणीची पहिली पायरी आहे. चोवीस तासांची मोजणी असल्याने गावाकडच्या माणसाला एक मुक्काम पडतोच, हे रुग्णाला आधी सांगणे तितकेच गरजेचे.

आयोडीनला अंतर सोसते, पण ते फक्त थायरॉइडपुरते उपयोगी. हाडे, हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्यासाठी दुसरे काही हवे होते, आणि ते मिळाले एका टाकाऊ पट्टीतून. अमेरिकेत बर्कलीला सायक्लोट्रॉन या कणांना गोल फिरवून वेग देणाऱ्या यंत्रातली मॉलिब्डेनमची वापरलेली पट्टी तिथल्या लॉरेन्स यांनी इटलीत सेग्रे यांना पाठवली. १९३७ मध्ये सेग्रे आणि पेरिए यांनी तिच्यात ४३ क्रमांकाचे मूलद्रव्य, टेक्नेशियम, शोधले. पुढच्या वर्षी सेग्रे आणि सीबॉर्ग यांना त्याचे टेक्नेशियम-९९एम हे रूप मिळाले. वीस वर्षे त्याचे कुणी काही केले नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत टकर आणि ग्रीन हे टेल्युरियमपासून आयोडीन-१३२ वेगळे करत असताना त्यात एक अशुद्धी आढळली. ती टेक्नेशियम-९९एम निघाली, सोबत आलेल्या मॉलिब्डेनम-९९ पासून सतत तयार होणारी. त्याच सुमारास हॅल अँगर यांचा, शरीरातून येणाऱ्या गॅमा किरणांचे चित्र घेणारा गॅमा कॅमेरा आला. टेक्नेशियमचा १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा किरण शरीरातून सहज बाहेर पडतो आणि सेंटिमीटरभर जाडीच्या स्फटिकात बहुतेक अडतो. कॅमेरा आणि समस्थानिक एकमेकांसाठी घडवल्यासारखे जुळले.

दूरच्या गावांना याचा अर्थ समजून घेतला पाहिजे. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, पण त्याची आई, मॉलिब्डेनम-९९, ६६ तासांत निम्मी होते. म्हणून लेकीऐवजी आईलाच पाठवायचे. दहा तासांच्या प्रवासात मॉलिब्डेनमचे नव्वद टक्के शिल्लक राहते आणि रुग्णालयात आल्यावर रोज त्यातून ताजे टेक्नेशियम निघते. आई ठेवलेल्या या उपकरणाला, म्हणजे जनरेटरला, जगभर ‘गाय’ म्हणतात आणि त्यातून टेक्नेशियम काढण्याला धार काढणे. उपमा चांगली लागू पडते. एकदा धार काढली की पुन्हा भरायला वेळ द्यावा लागतो. सुमारे २३ तासांनी टेक्नेशियम कमाल पातळीला येते, सहा तासांतही निम्म्याच्या जवळपास जमते. तातडीचा रुग्ण आला तर दुपारी दुसरी धार निघते ती यामुळेच. आठवड्यानंतर मात्र मॉलिब्डेनम सतरा टक्क्यांवर येते, गाय आटते आणि नवी मागवावी लागते.

भारतात ही गाय निराळ्या जातीची होती. परदेशात मॉलिब्डेनम युरेनियमच्या विखंडनातून (अणू फुटण्यातून) काढत. ते इतके तीव्र असते की ॲल्युमिनाची पूड भरलेल्या लहानशा नळीवर, म्हणजे स्तंभावर, बसते. आपल्या अणुभट्ट्यांत साध्या मॉलिब्डेनमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते तयार होई, त्यामुळे किरणोत्सारी अणूंबरोबर थंड, म्हणजे किरणोत्सारी नसलेल्या, मॉलिब्डेनमचे ओझे येई. ॲल्युमिनाच्या एका ग्रॅमला काही मिलीग्रॅमच मॉलिब्डेनम धरता येते, म्हणून स्तंभ अवाढव्य होई आणि धार पातळ. यावर उपाय म्हणून मिथाइल इथाइल कीटोनची पद्धत रुजली. अल्कलीतले मॉलिब्डेट या द्रावकाबरोबर घुसळायचे, टेक्नेशियम द्रावकात जाते, मग द्रावक उडवून उरलेले सलाइनमध्ये घ्यायचे. परदेशी मालावर न विसंबता देश चालवणारी ही पद्धत होती आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण तिला रोज सकाळी सराईत हात लागे, द्रावक ज्वालाग्राही, आणि थोडे जरी उरले तरी पुढची औषधे बिघडत. मोठ्या शहरात असे हात मिळत. जिल्ह्याच्या ठिकाणी एका तंत्रज्ञाच्या भरवशावर हे चालवणे कठीण होते. पुढे झिर्कोनियम मॉलिब्डेटच्या जेलचे स्तंभ आणि आयात केलेल्या विखंडन-मॉलिब्डेनमवरचे ॲल्युमिनाचे स्तंभ आले, आणि धार काढणे म्हणजे एका बाजूला सलाइन आणि दुसऱ्या बाजूला निर्वात बाटली लावणे इतके सोपे झाले. आयातीची बाजूही लवकरच दिसली. २००९ मध्ये कॅनडाची जुनी अणुभट्टी गळतीमुळे थांबली, त्यानंतर नेदरलँड्समधली दुरुस्तीला गेली आणि जगभर स्कॅन पुढे ढकलावे लागले. आपली सायरसही २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. त्यानंतर उत्पादनाचा भार १९८५ च्या ध्रुववर आला.

सोपे झाले तरी धार तपासल्याशिवाय वापरायची नाही. मॉलिब्डेनम स्तंभावरून सुटून बाटलीत आले, तर ते यकृतात बसते आणि रुग्णाला फुकटची मात्रा देते. तपासणी साधी आहे. बाटली सहा मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या भांड्यात ठेवून मोजायची. टेक्नेशियमचे किरण शिसे अडवते, मॉलिब्डेनमचे ७४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे जोरकस किरण पार होतात. मर्यादा आहे दर मेगाबेकरेल टेक्नेशियममागे ०.१५ किलोबेकरेल (बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचे विघटन), आणि ती इंजेक्शनच्या वेळेची. टेक्नेशियम भराभर घटते, मॉलिब्डेनम सावकाश, म्हणून हे प्रमाण दर साडेसहा तासांनी जवळजवळ दुप्पट होते. सकाळी काठावर पास झालेली बाटली संध्याकाळी नापास असू शकते.

दुसरी चूक सुट्टीनंतरची. दिवाळीत किंवा रस्ता बंद पडल्याने स्तंभाची धार दोन-तीन दिवस निघाली नाही, तर टेक्नेशियम-९९एम चे रूपांतर होऊन टेक्नेशियम-९९ साठत राहते. ते जवळजवळ निष्क्रिय असले तरी रसायन तेच. हाडांच्या स्कॅनच्या किटमध्ये, म्हणजे टेक्नेशियम बांधून हाडांकडे नेणाऱ्या तयार औषधाच्या कुपीत, कथिलाचा अंश मोजका असतो, तो या जुन्या टेक्नेशियमवर खर्च होतो आणि कामाचे टेक्नेशियम बांधले जात नाही. किटच्या कुपीत हवा शिरली तरी हेच घडते. मग स्कॅनमध्ये हाडे फिकी आणि थायरॉइड व जठर उजळ दिसतात. असे चित्र दिसले की आजार शोधण्याआधी किट तपासावे. सुट्टीनंतरची पहिली धार टाकून द्यावी आणि काही तासांनी दुसरी काढावी. लांबच्या प्रवासातून आलेल्या स्तंभालाही हाच नियम.

खान्देशात आणखी एक अडचण आहे ती उन्हाची. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांवर जातो आणि गॅमा कॅमेऱ्याचा जीव नेमका उष्णतेत अडकलेला. त्यातला सोडियम आयोडाइडचा स्फटिक ताटाएवढा किंवा त्याहून मोठा, जाडी फक्त साडेनऊ मिलिमीटर. तापमान तासाला तीन-चार अंशांहून अधिक वेगाने बदलले तर तो तडकतो, आणि तडकलेला स्फटिक सांधता येत नाही. वीज गेल्यावर खोली सावकाश तापते, ते बहुधा निभावते. धोका असतो तो वीज आल्यावर, कारण तापलेल्या खोलीत एसी एकदम सोळा अंशांवर सोडला जातो. एसीला स्वतंत्र जनरेटर द्यावा, आणि खंड पडलाच तर थंडावा टप्प्याटप्प्याने आणावा. स्फटिकाला ओलही सोसत नाही. आवरणाला बारीकशी फट पडली तरी तो पिवळा पडतो आणि पावसाळ्यात प्रतिमेवर डाग उमटू लागतात. रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी एकसमान स्रोतासमोर कॅमेरा धरून चित्र घेतले की तडा, ओल, स्फटिकाची चमक टिपणारी एखादी बिघडलेली नळी, सारे त्यात दिसते. ही दहा मिनिटे वाचवणे महाग पडते.

किरण मोजण्याच्या उपकरणांपैकी गायगर-म्युलर नळी जुनी, १९२८ ची. तिची सवय करायला रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात एक उत्तम स्रोत कृषी केंद्रात पडलेला असतो, तो म्हणजे पोटॅशची गोणी. निसर्गातल्या दर ग्रॅम पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० मुळे सुमारे ३१ बेकरेल असतात. पन्नास किलोच्या म्युरिएट ऑफ पोटॅशमध्ये पोटॅशियम २६ किलोच्या आसपास, म्हणजे सुमारे आठ लाख बेकरेल. केळ्यातही हेच पोटॅशियम येते, एका केळ्यात साधारण बारा-पंधरा बेकरेल. त्याने काही होत नाही, शरीर जास्तीचे पोटॅशियम बाहेर टाकते. पातळ अभ्रकाच्या खिडकीची नळी गोणीजवळ धरून दहा मिनिटे मोजावे, मग युरियाच्या गोणीजवळ तेवढेच. एक मिनिट मोजून भागत नाही. मिनिटाला ३० टिकटिक पडत असतील तर त्यात पाच-सहाचा चढउतार आपोआप होतो. दहा मिनिटांत ३०० पडतात आणि चढउतार सतराचाच राहतो, तेव्हा कुठे फरक खरा की भास ते कळते. इथल्या काळ्या बेसाल्टमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम तिन्ही ग्रॅनाइटपेक्षा कमी असल्याने पार्श्वभूमीची मोजणीही कमी येते, हा आणखी एक फायदा.

त्याच नळीचा एक दोष जिवावर बेतू शकतो. फार तीव्र स्रोताजवळ ती गुदमरते आणि काटा वर जाण्याऐवजी खाली येतो. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये कोबाल्ट-६० भंगारात गेले आणि एकाचा मृत्यू झाला. भंगारात संशयास्पद जड शिशाचे भांडे किंवा पिवळ्या-काळ्या त्रिदलाची खूण दिसली, तर मीटर चालू करून दुरूनच पुढे यावे. जवळ जाऊन मीटर लावू नये.

कर्करोगाच्या किरणोपचारात वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० ला अंतराची अडचण नव्हतीच. सव्वापाच वर्षांच्या अर्धायुष्यामुळे राजस्थानच्या अणुवीज केंद्रात तयार झालेला स्रोत देशात कुठेही बसवता येतो. फक्त दर महिन्याला तो एक टक्क्याहून थोडा अधिक घटतो आणि उपचाराची मिनिटे तेवढी वाढवावी लागतात. कर्करोगाच्या उपचारातल्या ल्युटेशियम-१७७ चे अर्धायुष्यही साडेसहा दिवसांहून अधिक, तेही प्रवास सोसते. जर्मेनियम-६८ पासून गॅलियम-६८ देणारा स्तंभ तर २७१ दिवसांच्या अर्धायुष्यामुळे महिनोन्महिने टिकतो. प्रोस्टेट आणि न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेट स्कॅनसाठी (पॉझिट्रॉन सोडणाऱ्या औषधाने काढलेले चित्र) त्याचा आधार मोठा.

साखरेसारखे वागणारे एफडीजी मात्र अजून फ्लोरिन-१८ वरच अवलंबून आहे, आणि कर्करोगाचे बहुतेक पेट स्कॅन त्याचेच. परळला २००२ मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. सायक्लोट्रॉन पाच तासांच्या अंतरावर असेल, तर निघालेल्या मालाचे पंधरा टक्के पोचतात. जळगावात सकाळी आठला एका रुग्णाला ३७० मेगाबेकरेल द्यायचे, तर पहाटे तीनला त्याच्या नावे सुमारे २,४५० मेगाबेकरेल गाडीत चढवावे लागतात. दुसरा रुग्ण साडेआठला असेल तर त्याच्यासाठी सुमारे तीन हजार. उशिराच्या प्रत्येक रुग्णापोटी हा आकडा चढत जातो, म्हणून कमी वजनाचे रुग्ण शेवटी ठेवतात आणि यादी आदल्या संध्याकाळीच पक्की करून कळवतात.