सूर्य रोज बरोबर पश्चिमेलाच मावळतो?

'सूर्य पश्चिमेला मावळतो' हे शाळेत पाठ केलेलं वाक्य ढोबळ दिशा म्हणून ठीक आहे. पण ते शब्दशः धरून, मोबाइलचं होकायंत्र बघून मरीन ड्राइव्हवर कॅमेरा लावणारे हमखास फसतात. बरोबर पश्चिमेला तो वर्षातून दोनदाच मावळतो, 21 मार्च आणि 23 सप्टेंबरच्या आसपास.

पृथ्वीचा अक्ष सुमारे 23.5 अंश कललेला आहे. त्यामुळे मुंबईत मावळतीची जागा जूनमध्ये पश्चिमेपासून जवळपास 25 अंश उत्तरेला सरकते, डिसेंबरात तितकीच दक्षिणेला. चर्चगेटसमोरच्या कठड्यावर बसलात तर डिसेंबरात लालबुंद गोळा थेट उघड्या समुद्रात बुडतो. जूनमध्ये (ढगांनी कृपा केली तर!) तोच मलबार हिलच्या इमारतींआड जातो. गिरगाव चौपाटीला तर ही टेकडी समोरच आडवी. समुद्रात बुडणाराच सूर्य हवा असेल, तर तिथे भेळ खा आणि नरिमन पॉइंटकडे चालू लागा.

मार्च आणि सप्टेंबरात ही जागा रोज जवळजवळ सूर्यबिंबाच्या रुंदीएवढी सरकते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र ती जागची हलत नाही म्हटलं तरी चालेल.