डब्ल्यूएचबीक्यू ध्वनिक्षेपण कक्ष, चिस्का हॉटेल

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात, चिस्का हॉटेलच्या (१९१३) मेझनीन मजल्यावर (तळमजला व पहिला मजला यांमधील अर्धमजला) असलेला डब्ल्यूएचबीक्यू नभोवाणी केंद्राचा कक्ष. एल्व्हिस प्रेस्लीची (१९३५–७७) पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका प्रथम येथूनच ऐकवली गेली. निवेदक ड्यूई फिलिप्स (१९२६–६८) १९४९ पासून ‘रेड, हॉट अँड ब्लू’ हा रात्रीचा कार्यक्रम करी. स्वतः गोरा असूनही तो कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे संगीत वाजवी आणि त्याचे श्रोते दोन्ही समाजांतले होते. मेझनीनला तो ‘मॅगझिन फ्लोअर’ म्हणे. एल्व्हिसची ही ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या सन रेकॉर्ड्‌स कंपनीचे सॅम फिलिप्स त्याचे मित्र. आडनाव एक असले तरी नाते नव्हते.

प्रक्षेपणाची तारीख वादग्रस्त आहे. या ध्वनिमुद्रिकेतील ‘दॅट्स ऑल राइट’ हे आर्थर क्रूडप यांचे गीत ५ जुलै १९५४ च्या रात्री ध्वनिमुद्रित झाले, याबद्दल बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. तबकडी १९ जुलैला विक्रीस आली. या दोहोंमध्ये ७, ८ व १० जुलै अशा तारखा सांगितल्या जातात. छापील तबकडी निघण्यापूर्वी सॅम यांनी ड्यूईला अ‍ॅसिटेट प्रत (तात्पुरती नमुना तबकडी) ऐकवली, तीही त्याचा कार्यक्रम आटोपल्यावर रात्री उशिरा, आणि प्रक्षेपण दुसऱ्या रात्री झाले. हा क्रम धरल्यास ७ जुलै अशक्य नसली, तरी ८ जुलै अधिक सयुक्तिक ठरते. गीत त्या रात्री किती वेळा वाजले याचे आकडे सांगणाऱ्यागणिक बदलतात. एल्व्हिसला चित्रपटगृहातून बोलावून आणण्यात आले. ड्यूईने त्याला शाळेचे नाव विचारले. ‘ह्यूम्स’ या उत्तरावरून, शाळा वर्णानुसार विभागलेल्या त्या काळात, गायक गोरा असल्याचे श्रोत्यांना उमगले. मायक्रोफोन चालू असल्याचे आपण त्याला सांगितले नव्हते, असे ड्यूई नंतर सांगे. या संवादाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नसल्याने तो आठवणींच्या आधारेच उद्धृत होतो.

केंद्र अन्यत्र हलले, इमारत पुढे चर्च ऑफ गॉड इन क्राइस्टकडे गेली आणि नंतर बरीच वर्षे ओस पडून राहिली. अलीकडच्या नूतनीकरणात तिचे निवासी सदनिकांत रूपांतर झाले. ड्यूईच्या कक्षाची मांडणी आता युनियन अ‍ॅव्हेन्यूवरील सन स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरील प्रदर्शनात पाहायला मिळते.

जतनाच्या दृष्टीने ही दोन स्थळे एका मापाने मोजता येत नाहीत. सनची मुद्रणखोली मूळ जागीच आहे, तिच्या भिंतींवरील ध्वनिशोषक फरश्याही शाबूत आहेत आणि २००३ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. चिस्काचा कक्ष मात्र जागेपासून तुटला आहे. काच, तबकडीयंत्रे, मायक्रोफोन पुन्हा मांडता येतात. रस्त्यावरून उठून मेझनीनवर थेट येऊन धडकणारे श्रोते आणि हॉटेलची वर्दळ मांडता येत नाही. त्यामुळे या मांडणीला वास्तुजतनापेक्षा संग्रहालयीन पुनर्रचना म्हणणे अधिक योग्य.