टाकी १८३, कुत्रे आणि लांडगे: भिंती पुसण्याची जुनी गोष्ट

भिंतीवर स्प्रेने कोणी नाव टाकलं की एक-दोन दिवसांत पुसून टाकायचं, ही पद्धत आज अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत आहे, पण तिथवर यायला न्यूयॉर्कला जवळपास वीस वर्षं लागली.

१९७१ ला न्यूयॉर्क टाइम्सने एका पोराची बातमी छापली. तो शहरभर 'टाकी १८३' लिहीत फिरायचा (आपली पाण्याची टाकी नाही, त्याच्या ग्रीक नावाचं लाडाचं रूप, आणि १८३ हा राहत्या रस्त्याचा नंबर). बातमी आली आणि गल्लीगल्लीतली पोरं सुटलीच. १९७२ मध्ये महापौर लिंडसेंनी कायदा आणला, दंड लावले, पोलीस मागे लावले, उपयोग शून्य. पुढे महापौर कॉच आले, तोवर पोरं मेट्रोचे डबेही रंगवत होती. मेट्रो खरं तर राज्याच्या प्राधिकरणाकडे, महापौराच्या हातात नाही, पण हे बाबा मागेच लागले की गाड्या उभ्या राहतात त्या यार्डाला डबल कुंपण घाला आणि मधे कुत्रे सोडा. कुत्रे चावतील अशी ओरड झाली तर म्हणे मग लांडगे ठेवा, रानातल्या लांडग्याने माणसावर हल्ला केल्याची नोंदच नाही!

खरा फरक पडला १९८४ नंतर. डेव्हिड गन नावाचे साहेब मेट्रोचे प्रमुख झाले आणि त्यांनी साधा नियम केला, एकदा साफ केलेली गाडी परत रंगली तर पुसल्याशिवाय यार्डातून हलवायची नाही, गर्दीची वेळ असली तरी. पोरांना मजा कशात होती तर आपलं नाव ब्रॉन्क्सपासून ब्रुकलिनपर्यंत फिरताना बघण्यात, तीच गेली. ६,००० च्या वर डबे होते, एकेक लाइन करत १२ मे १९८९ ला शेवटची रंगलेली गाडी काढली. माझ्या मते जेलच्या धाकापेक्षा हे भारी पडलं.

फिलाडेल्फियाने त्याच १९८४ मध्ये वेगळंच केलं, पकडलेल्या पोरांकडून 'परत करणार नाही' असं लिहून घेतलं आणि हातात ब्रश दिले. १९९६ ला त्याचं म्युरल (म्हणजे भित्तिचित्रांचं) खातं झालं, आजवर ४,००० च्या वर भिंती रंगल्यात.

मुंबईत २००९ ला पालिकेने तुळशी पाइप रोडची रेल्वेलगतची भिंत लोकांना रंगवायला दिली, ती याच वळणाची. पण आपल्याकडे स्प्रेपेक्षा पानाच्या पिचकाऱ्यांचा वैताग जास्त, म्हणून जिन्याच्या कोपऱ्यात साईबाबांची टाइल.