इस्लाम सोडला म्हणजे हिंदू झाला?

चिपळूणच्या एसटी स्टँडवर चहाचा ग्लास बाकावर ठेवत कुणीतरी ठासून सांगतं, "मिरजोळीचे हमीद दलवाई शेवटी हिंदू झाले. म्हणून तर जाळलं त्यांना!"

नाही झाले. मुस्लिम समाजसुधारक दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले. दफन नको, दहन करा आणि कुठलाही धार्मिक विधी नको, ही त्यांचीच इच्छा. ना मंत्र, ना नमाज. त्यात हिंदू काय आलं? देव-परलोक न मानणाऱ्या या माणसाने दुसरा धर्म घेतलाच नाही. १९६६ साली तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत सात मुस्लिम बायकांचा मोर्चा काढला, १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ. घर बदलायचं नव्हतं, घरातल्यांशीच भांडायचं होतं.

मोहल्ल्यात 'काफर' आणि बाहेर 'आपल्यात आला', दोन्हीकडे माणसाला खुंटीला टांगायची घाई! धर्म सोडणं भारतात गुन्हा नाही. संविधानाचं कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य देतं, आणि 'मला कुठलाच धर्म नाही' असं सांगता येतं, हे मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट केलंय. सरकारी फॉर्मवरही.