बाई सरपंच झाली, पण कामात बहरली का?

नोकरीत खूश असणं वेगळं आणि कामात बहरणं वेगळं. मॅनेजमेंटच्या अभ्यासक ग्रेचेन स्प्राइट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलं की बहरायला दोन गोष्टी एकत्र लागतात, अंगात उत्साह आणि आपण रोज काहीतरी शिकतोय ही जाणीव. नुसता उत्साह असेल तर माणूस आहे तिथेच राहतो, नुसतं शिकणं असेल तर थकून जातो. आणि हे फक्त स्वभावावर नसतं हं, निर्णय घ्यायची मोकळीक, वेळेवर माहिती आणि आजूबाजूच्यांचा विश्वास यावर खूप अवलंबून असतं.

आता ग्रामपंचायत बघा. मी एका ग्रामसभेला गेले होते, सरपंच ताई खुर्चीत, पण अजेंड्याचा कागद त्यांच्या नवऱ्याच्या हातात, ग्रामसेवक बोलणार ते पण नवऱ्याकडे बघून, आणि ताईंना फक्त सही कुठे करायची ते दाखवलं. म्हणजे मोकळीक, माहिती, विश्वास तिन्ही शून्य, मग त्या शिकणार कशा? आणि वर लोक म्हणतात बायकांना इंटरेस्टच नसतो!

पश्चिम बंगालमधला लोरी बीमन, एस्थर डुफ्लो वगैरे अर्थशास्त्रज्ञांचा २००९ चा अभ्यास मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. तिथे बाई प्रधानासाठी (प्रधान म्हणजे आपल्याकडचा सरपंच) राखीव गावं रँडम पद्धतीने ठरत होती, त्यामुळे तुलना खरी होते. लोकांना एकच भाषण ऐकवलं, काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे आधी कधीच राखीव जागा नव्हती तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी मार्क दिले, शब्द तेच असून! जिथे राखीव जागेमुळे बाई प्रधान होऊन गेली होती तिथे हा फरक दिसला नाही. पण पहिल्यांदा आलेल्या बाईला मात्र काम नीट करूनही गावकऱ्यांकडून कमीच रेटिंग मिळालं. लोकांना बाई नेता म्हणून आवडायला लागली असं नाही बरं का, पण बाईला काम जमतं हे त्यांना पटलं.

म्हणून आपल्याकडचं फिरतं आरक्षण मला खटकतं. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये ५० टक्के जागा बायकांना आहेत, चांगलंच आहे, पण ५ वर्षांत जिला दप्तर कळायला लागतं, निधी कुठून येतो ते समजतं, तिची जागा पुढच्या वेळी बऱ्याचदा बायकांसाठी राखीव राहत नाही आणि पॅनेलवाले तिला तिकीटच देत नाहीत.